आधी मुख्य काय ते सांगा

सकाळी साडेसहा

माउस ड्रॉवरमध्ये गेला की माझा दिवस सुरू होतो. लॅपटॉपचं टचपॅडही बंद. तपासायला आलेली वेबसाइट आधी नुसत्या कीबोर्डवर चालवून बघायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम. टॅब दाबलं की पुढचा दुवा, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागचा, एंटर दाबलं की आत. एवढ्यावर गिऱ्हाइकाला हवं ते हाती लागलं, तर पुढचं बोलायचं.

आज समोर आहे खालापूर तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेची साइट. नाव सांगून उपयोग नाही. आजवर पाहिलेल्या बहुतेक पतसंस्थांच्या साइट साधारण अशाच. वर बोधचिन्ह. त्याखाली मेनू, मेनूच्या पोटात आणखी मेनू. मग धावती पट्टी, तिच्यात चेअरमनसाहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. त्याखाली आपोआप सरकणारे फोटो: वार्षिक सर्वसाधारण सभा, नव्या शाखेचं उद्घाटन, वृक्षारोपण. मी टॅब दाबत जाते. मुख्यपृष्ठ. आमच्याविषयी. मनोगत. संचालक मंडळ. माजी संचालक मंडळ. फोटो एक, फोटो दोन, मागे, पुढे, थांबवा. चाळीसच्या वर दुवे ओलांडल्यावर कुठे ठेवींचे व्याजदर लागतात. तिथून कर्जाच्या पानावर जावं, तर पुन्हा मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, मनोगत.

डोळसांना यात काही वावगं दिसत नाही, कारण त्यांनी हे कधी वाचलेलंच नसतं. नजर मेनूला न विचारता मधल्या चौकटीवर जाऊन बसते. स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यावर ऐकणाऱ्याला ती मुभा नाही. त्याच्यापुढे पान वरून खाली, एकापाठोपाठ एक असंच येतं.

सात

पाऊस धरलाय. कर्जतला जुलैत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कोडचं काम मी सकाळीच उरकते. आजचं काम: या साइटला स्किप लिंक घालणं.

स्किप लिंक म्हणजे पानाच्या अगदी सुरुवातीला घातलेला एक दुवा: 'थेट मजकुराकडे'. एरवी तो दिसत नाही. पहिलं टॅब दाबलं की वरच्या कोपऱ्यात उगवतो. एंटर दाबलं तर मेनू, पट्टी, फोटो सगळं मागे टाकून मजकुराच्या तोंडाशी नेतो. एंटर न दाबता पुढचं टॅब दाबलं, तर मुकाट्यानं नाहीसा होतो. कोडच्या दोन ओळी, आणि लपवण्या-दाखवण्याच्या फार तर दहा.

दोनच ओळींचं काम असल्यामुळे ते निष्काळजीपणे केलं जातं. दुवा लपवायला लोक सर्रास 'डिस्प्ले नन' लिहितात, मग तो डोळ्यांना दिसत नाही तसा कीबोर्डलाही सापडत नाही. तो पडद्याबाहेर सरकवून ठेवायचा आणि टॅब दाबून कीबोर्डचा फोकस त्याच्यावर आला की आत घ्यायचा. दुसरी खोट दुव्याच्या दुसऱ्या टोकाला असते. जिथे न्यायचं तो भाग 'मेन' म्हणून नोंदवायचा, त्याला आयडी द्यायचा आणि त्याचा टॅबइंडेक्स उणे एक ठेवायचा, म्हणजे फोकस खरोखर तिथे पोचतो. तो नसेल तर जुन्या ब्राउझरांत पडदा खाली सरकायचा, कीबोर्ड मात्र वरच मेनूत अडकलेला. बघणाऱ्याला वाटायचं चाललं, ऐकणारा होता तिथेच.

युक्ती नवी नाही. अमेरिकेत सरकारी साइटसाठी कलम ५०८चे निकष डिसेंबर २०००मध्ये आले, तेव्हाच त्यांत लिहिलं होतं की पुन:पुन्हा येणारे दुवे ओलांडायची सोय हवी. ११ डिसेंबर २००८ला डब्ल्यूसीएजीची दुसरी आवृत्ती आली. वेबच्या सुगम्यतेबाबत जगभर मानले जाणारे हे निकष. त्यांत ही अट २.४.१ या क्रमांकावर, 'ए' या सर्वांत खालच्या पातळीवर आहे. खालची म्हणजे कमी महत्त्वाची नव्हे. ही पायरी नसेल तर वरच्या मोजायच्याच नाहीत. आपल्याकडे सरकारी साइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ची, पुढे २०१८ आणि २०२३मध्ये सुधारलेली. जिल्ह्यांच्या साइट आता बहुतेक एस-थ्री-वास या सरकारी साच्यातून निघतात आणि ही सोय त्या साच्यातच आहे. त्या साइटच्या माथ्यावर अ+, अ, अ- अशी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्याच शेजारी हा दुवा असतो. सरकारी खात्यानं आधी केलं आणि खाजगीवाले मागे राहिले, अशी उदाहरणं फार नाहीत. हे त्यांतलं एक.

पावणेनऊ

कर्जत स्टेशन. वरच्या अंगाला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावायचं काम चाललंय, वडेवाल्यांची लगबग चाललीय. मला मात्र पुण्याला जायचं नाही, खोपोलीला जायचंय. खोपोली लोकल चुकली तर पुढच्या गाडीसाठी ताटकळायचं, म्हणून वडापाव हातात घेऊनच चढते.

पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पावसाळाभर ही लाइन बघण्यासारखी असते; पण मी आज ऐकत बसलेय. अंध माणसाला वेबसाइट कशी लागते, असं कुणी विचारलं तर मी हीच लोकल सांगते. समजा, केळवली आली हे सांगायला उद्घोषणा सीएसएमटीपासून सुरू झाली: मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी असं करत ठाणे, कल्याण, कर्जत, पळसदरी आणि मग केळवली. डोलवलीला पुन्हा सीएसएमटी. चौथ्या स्टेशनापर्यंत कुणीही माणूस गाडीतून उडी मारेल.

याच मध्य रेल्वेवर उल्हासनगरच्या प्रांजल पाटील कॉलेजसाठी रोज सीएसएमटीला ये-जा करत. लहानपणीच दृष्टी गेलेली. शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग सेंट झेवियर्स, मग जेएनयू. यूपीएससीत पहिल्या खेपेला ७७३वा क्रमांक आला आणि रेल्वेच्या लेखा सेवेनं दृष्टी नाही म्हणून घेतलं नाही. पुढच्या निकालात १२४वा क्रमांक, आणि त्या आयएएस झाल्या. अभ्यास त्यांनी जॉज या स्क्रीन रीडरवर ऐकून केला. ही गोष्ट माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. माझ्या धंद्यातल्या माणसानं तिच्यात आणखी एक हिशेब मांडावा: वाचून दाखवणारं यंत्र होतं, पण वाचून दाखवण्याजोगं पान प्रत्येक वेळी होतं का?

साडेनऊ

खोपोलीत माझा सहकारी राहतो. साइट तो तपासतो, मी दुरुस्त करते. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. मला ताई म्हणतो आणि माझ्या कामाची जराही भीड ठेवत नाही. पुण्याला अंधशाळेत शिकला. घरच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. जॉजची किंमत त्याच्या घराला झेपली नसती. एनव्हीडीए फुकट मिळतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६मध्ये ते लिहायला घेतलं, जेम्स टेह हा त्याचा तसाच मित्र सामील झाला, आणि ते कुणालाही फुकट मिळेल असं दोघांनी ठरवलं. खोपोलीतल्या या खोलीत त्या निर्णयाचा परिणाम रोज सकाळी बोलत असतो.

बोलतो म्हणजे किती वेगानं! मला एक शब्द कळत नाही. माझ्यासाठी तो वेग निम्मा करतो आणि मग स्वतःच कंटाळतो.

"ताई, तुमची लिंक सापडली. पहिल्याच टॅबला आहे. मारू एंटर?"

"मार."

यंत्र म्हणालं: ग्राफिक, रेट अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर न्यू डॉट जेपीजी. मग थांबलं. मग तळपट्टी सुरू झाली: पत्ता, कामकाजाची वेळ, हक्क राखीव.

"पोचलो," तो म्हणाला. "इथे कुणी राहत नाही."

झालं होतं असं: व्याजदरांचा तक्ता कुणीतरी छापून, त्याचा फोटो काढून साइटवर चिकटवलेला. दुवा चोख चालला आणि ऐकणाऱ्याला भिंतीवर नेऊन उभा केला. पुढे कर्जाचा अर्ज उघडला. तो पीडीएफ निघाला जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला. पडद्यावर सुरेख मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे कोड. स्क्रीन रीडर इमानेइतबारे ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं वाचत सुटला. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे संस्थांच्या कपाटांत आणि साइटवर असे अर्ज पडून आहेत. हे दुखणं परदेशातल्या निकषांच्या पुस्तकात सापडत नाही. ते आपलं घरचं आहे. पानाची भाषाही इंग्रजी म्हणून नोंदलेली, म्हणजे ब्राउझरनं 'मराठी आवाज लाव' असं सांगितलेलंच नव्हतं. ती एका शब्दाची दुरुस्ती मी तिथेच बसून केली.

मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. एनव्हीडीएत एच दाबलं की पुढचं शीर्षक, डी दाबलं की पानाचा पुढचा भाग, के दाबलं की पुढचा दुवा. अमेरिकेतल्या वेबएम या संस्थेच्या पाहणीत दहापैकी सात स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकांवरून उड्या मारत पान शोधतात असं आलंय. मग स्किप लिंक हवी कशाला?

"एच दाबून बघा," तो म्हणाला.

दाबलं. 'हार्दिक शुभेच्छा'. पुन्हा दाबलं. 'वृक्षारोपण सोहळा'. ज्यानं साइट बांधली त्याला मोठी अक्षरं हवी होती, म्हणून त्यानं दिसेल तिथे शीर्षकाची खूण लावलेली.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "एच मला आहे. आमच्या चाळीतल्या काकांना कुठे आहे?" काकांच्या हाताला कंप आहे. माउस धरता येत नाही, डोळे मात्र शाबूत. ते स्क्रीन रीडर वापरत नाहीत, त्यामुळे त्या उड्या त्यांना नाहीत. त्यांना एकट्या टॅबचा आधार. स्किप लिंक अंधांची म्हणून ओळखली जाते, पण तिची सगळ्यात जास्त गरज या माणसांना असते. म्हणूनच ती कायमची लपवून चालत नाही. फोकस येताच ठळक दिसायलाच हवी.

मोबाइलवरही बघितलं. इकडे गावांत कॉम्प्युटर फारसा कुणाकडे नाही. बहुतेक कारभार अँड्रॉइड फोन आणि त्यातल्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर. तिथे टॅब नाही, बोट उजवीकडे ओढत एकेक गोष्ट ऐकायची आणि हवी ती आली की दोनदा टिचकी. दुवा तिथेही पहिलाच बोलला.

दीड

त्याच्या आईनं भाकरी आणि कंटोळ्यांची भाजी वाढली. जेवताना साइटचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम.

अडीच

पतसंस्थेचं कार्यालय. मॅनेजर, लिपिक, काउंटरवर पावत्यांचा हिशेब देणारा पिग्मी एजंट आणि भिंतीवर सगळे माजी चेअरमन.

मॅनेजरनी आधी विचारलं, "मॅडम, हे कंपल्सरी आहे का?"

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा सांगितला: सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खाजगी, सुगम्यतेचे नियम तिला लागू. ते ऐकून ते मान हलवत राहिले. मग केवायसीचं सांगितलं, तेव्हा खुर्ची पुढे ओढली. ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यानंतर त्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती आणि ऑनलाइन केवायसीचं यंत्र तर तेच मागत होतं. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि २० निर्देश दिले.

"पण बाकीच्या संस्थांकडे तरी आहे का?" हा पुढचा प्रश्न, आणि तो प्रत्येक ठिकाणी येतोच. नाही, हे प्रामाणिक उत्तर. वेबएम दर वर्षी जगातल्या दहा लाख साइटची मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२४मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर निकषांत न बसणारं काही ना काही सापडलं. मॅनेजरना हा आकडा ऐकून दिलासा वाटला. तसा तो वाटू नये म्हणून मी सांगितला होता.

मग खरी अडचण बाहेर आली. "चेअरमनसाहेबांचा फोटो खाली जाणार का?"

नाही. या दुव्याचा मोठा गुण हाच, आणि सहकारी संस्थांत तो फार उपयोगी पडतो. कुणाचा फोटो हलवावा लागत नाही, कुणाच्या शुभेच्छा काढाव्या लागत नाहीत. ज्याला बघायचंय तो बघेल, ज्याला पुढे जायचंय तो जाईल. सगळे मोकळे झाले. लिपिकानं चहा सांगितला.

"आता मला एकच सांगा," मी म्हटलं, "दुवा नेऊन कुठे सोडू? या पानावर मुख्य काय आहे?"

कुणी बोलेना. मॅनेजर म्हणाले, सगळंच मुख्य आहे. लिपिकाच्या मते अध्यक्षीय मनोगत. पाच वर्षांपूर्वी साइट झाली तेव्हापासून हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेलाच नव्हता. माझं अर्धं काम इथेच अडतं. दुवा घालता येतो, पण तो कुठे न्यायचा हे कोड सांगत नाही. संस्थेला आपलं गिऱ्हाईक कशासाठी येतं हे ठाऊक असावं लागतं.

पिग्मी एजंट पैसे मोजता मोजता म्हणाला, "लोक दोनच गोष्टी विचारतात. दर किती, आणि मुदतीआधी मोडली तर कापणार किती."

"आपल्याकडे हे साइटवर कुठे आहे?" मॅनेजरनी लिपिकाला विचारलं.

दर फोटोत होते. मुदतीआधी मोडल्याचं कुठेच नव्हतं.

एजंट सांगत होता: साजगावकडच्या एक आजी रोज ठेव भरतात. दिसत नाही, नोटा बोटांनी ओळखतात. पुतण्यानं फोन बोलता करून दिलाय, बातम्या ऐकतात, भजनं लावतात. खात्याचं मात्र काहीही विचारायचं तर याचीच वाट बघतात. "मी सुट्टीवर असलो की त्यांचं अडतं," तो म्हणाला. सुट्टीचं बोलताना त्यानं मॅनेजरकडे बघितलं, तो भाग वेगळा.

अर्ध्या तासात मजकूर ठरला. आधी दरांचा तक्ता, खराखुरा, आकडे टाइप केलेला, स्तंभांना नावं दिलेला. त्याखाली मुदतपूर्व ठेव मोडण्याचे नियम, चार ओळींत. मग कर्जाचा अर्ज, युनिकोडमध्ये. दुवा दरांच्या शीर्षकाशी उतरणार.

साडेचार

परतीच्या गाडीत फक्त टायपिंग. तक्ता पळसदरीपर्यंत झाला.

सहा

घरी. तक्ता चढवला, दुवा जोडला, सहकाऱ्याला फोन लावला. तो त्याच्याकडे साइट उघडतो आणि स्पीकर चालू ठेवतो. मी इकडे ऐकते. पडद्यावर एकत्र बघण्यापेक्षा हे बरं. दोघंही कानांवरच असतो.

"टॅब. थेट मजकुराकडे. एंटर." आणि मग शांतता.

"काय झालं?"

"शुभेच्छा," तो म्हणाला.

पान उघडून काही क्षण गेले की शुभेच्छांची एक खिडकी आपोआप उघडत होती आणि फोकस स्वतःकडे ओढून घेत होती. एस्केप दाबूनही ती जात नव्हती. बंद करायची फुली नुसती चित्र होती, बटन नव्हतं. आधी साइट बांधणाऱ्यांनी कुठून तरी आणून चिकटवलेला तुकडा. फुलीचं बटन केलं, एस्केप जोडलं, आणि खिडकीनं न बोलावता यायचं नाही असं केलं.

पुन्हा. या वेळी दुवा पोचला, पण माझ्या पडद्यावर दरांचं शीर्षक दिसेना. वरचा मेनू पान सरकवलं तरी जागेवर राहणारा. शीर्षक नेमकं त्याच्या मागे दडलेलं. सहकाऱ्याला याचा त्रास नव्हता, चाळीतल्या काकांना झाला असता. उतरण्याच्या जागेला वरून मोकळी जागा सोडली तेव्हा ते मेनूखालून बाहेर आलं. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२मध्ये यावर वेगळा निकषच आहे: फोकस असलेली गोष्ट दुसऱ्या कशाखाली पूर्ण झाकली जाता कामा नये. म्हणजे हे दुखणं सगळीकडचं.

मग त्यानं तक्ता ऐकला. बारा महिने, सर्वसाधारण, ज्येष्ठ नागरिक. रकाना बदलला की यंत्र आधी स्तंभाचं नाव सांगत होतं, मग आकडा. त्यानं एक रकाना दोनदा ऐकला.

"ताई, चोवीस महिन्यांचा दर छत्तीसपेक्षा जास्त आहे. बरोबर आहे का हे?"

तक्त्याचा जुना फोटो उघडून बघितला. फोटोतही तसंच होतं. इतके दिवस तो दर कुणाच्या नजरेला खटकला नव्हता. मॅनेजरना विचारायच्या गोष्टींत लिहून ठेवलं.

साडेआठ

मॅनेजरांचाच फोन आला. दराचं त्यांनी लगेच कबूल केलं, उद्या सकाळी बदलून पाठवतो म्हणाले. पण फोन त्यासाठी नव्हता. चेअरमनसाहेबांना त्यांनी नवी साइट दाखवली होती. साहेबांनी स्वतः टॅब दाबून पाहिलं, दुव्याची पट्टी वरून उतरली, पुन्हा गेली, पुन्हा उतरली. साहेबांना ती फारच आवडली.

"ते विचारतायत, त्या पट्टीला संस्थेचा रंग देता येईल का? पिवळ्यावर पांढरी अक्षरं."

पिवळ्यावर पांढरं कुणालाच वाचता येणार नाही, मी म्हटलं. अक्षर आणि पार्श्वभूमीत निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, तोही निकषच आहे. पिवळ्यावर काळी चालतील.

ते थांबले. मागे कुणाशी तरी बोलले. "काळी चालतील म्हणतायत. आणि बोधचिन्ह?"